मोटारीची पुढची चाके : सांधे, झीज आणि पुनर्बांधणी

निपाणी सोडून पुणे-बंगळूर महामार्ग संकेश्वरच्या दिशेने निघाला की तवंदीचा घाट लागतो. पूर्वी 4 आणि आता 48 हा क्रमांक धारण करणाऱ्या या मार्गावरून ऊस, तंबाखू व भाजीपाला वाहणारी वाहने अहोरात्र जात असतात. आडमार्गावरील खेड्यांतून बाजाराला, शाळेला अथवा मजुरीला निघालेली माणसे ‘वडाप’च्या जीपमधून प्रवास करतात. घाट उतरताना ब्रेकची काळजी प्रत्येक चालक वाहतो. तथापि ब्रेक दुबळा झाला तर गिअर व हातब्रेक यांचा काही आधार उरतो. स्टेअरिंगचा सांधा निखळल्यास चालकाच्या हाती केवळ एक सैल चक्र राहते.

स्टेअरिंगचे चक्र फिरविल्याने चाके कशी वळतात, हे जुन्या पद्धतीच्या जीपवर किंवा मालमोटारीवर उत्तम समजते. चक्राचा दांडा खाली गिअरपेटीत शिरतो. तेथे फिरण्याच्या गतीचे रूपांतर एका आखूड भुजेच्या झुलण्यात होते. ही ड्रॉप आर्म होय. तिला जोडलेला ड्रॅग लिंक एका चाकाच्या नकलला ढकलतो व ओढतो. दुसऱ्या चाकाचे नकल पहिल्याशी टाय रॉडने बांधलेले असते. म्हणून दोन्ही चाके बरोबरीने वळतात. मात्र त्यांचे वळण सारखे नसते. आतील चाकाला लहान वर्तुळ कापावयाचे असल्याने ते अधिक वळावे लागते. यासाठी नकलच्या भुजा किंचित तिरप्या ठेवतात. ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर या गाडीकारागिराने ती घोडागाडीसाठी शोधली आणि 1818 साली लंडनमध्ये अॅकरमन यांनी तिचे एकस्व घेतले. त्यापूर्वी चारचाकी गाडीचा पुढील आख मधल्या खिळ्यावर सगळाच वळत असे. उसाच्या चारचाकी ट्रॉलीचा पुढील आख आजही तसाच वळताना दिसतो.

नकल ज्या उभ्या खिळ्यावर फिरते तो किंगपिन. तो आखाच्या टोकात पक्का बसविलेला असतो आणि नकलमधील वरच्या व खालच्या बुशांत त्याचे घर्षण होते. वाहनाचा भार त्याखालील थ्रस्ट बेअरिंगवर येतो. आख कमानपाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असून पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट त्याला जागेवर धरतो. हा बोल्ट तुटला तर आख एका बाजूने मागे सरकतो आणि वाहन सतत एकीकडे ओढू लागते. चालक टायरला दोष देत राहतो, ही नित्याची गोष्ट आहे. नव्या मोटारींत अखंड आखाऐवजी प्रत्येक चाकाला स्वतंत्र भुजा, स्प्रिंग व बॉल जॉइंट असतात. झिजण्याचा न्याय मात्र तोच.

झीज होते ती मुख्यतः ग्रीसच्या अभावी. नांगरटीच्या शेतातून व काळ्या चिखलातून जाणाऱ्या जीपच्या सांध्यांवरील रबरी टोपी फाटली की आत माती शिरते, आणि माती व ग्रीस यांचे मिश्रण कानसीचे काम करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 अन्वये सांध्यांवर रबरी टोप्या असणे आवश्यक आहे आणि स्टेअरिंग चक्रावरील ढिलाई 30 अंशांहून अधिक असता कामा नये. ही मर्यादा काहींना उदार वाटेल. परंतु वीसास एक या गुणोत्तराच्या गिअरपेटीत 30 अंशांची ढिलाई म्हणजे चाकापाशी दीड अंश. तेवढ्याने वाहन 20 मीटरमध्ये सुमारे अर्धा मीटर बाजूला जाऊ शकते. अरुंद पुलावर तेवढे अंतर पुरेसे असते.

दोष शोधण्यास महागडे यंत्र लागत नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. हलत असल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबावा. हालचाल थांबली तर दोष हबच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलविताना टाय रॉडच्या टोकांवर हात ठेवल्यास सैल सांधा बोटांनाच कळतो.

पुनर्बांधणीत किंगपिनची अडकपिन काढून जुना पिन ठोकून बाहेर काढतात व बुशही प्रेसने काढतात. नवे बुश बसविताना त्यांतील ग्रीसचे छिद्र निपलच्या छिद्रासमोर येते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. घाईत हेच विसरले जाते आणि नवी जोड काही महिन्यांत झिजते. नंतर दोन्ही बुश लांब रीमरने एकाच रेषेत साफ करावयाचे. अंगठ्याच्या दाबाने पिन सरकावा, पण हलू नये. टाय रॉडची झिजलेली टोके बदलावीत. त्यांच्या नटाची स्प्लिट पिन दर वेळी नवी हवी. छिद्र जुळत नसेल तर नट आणखी आवळावा, उलटा सैल करू नये.

बेळगावचा उद्यमबाग परिसर ओतीव कामासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील लेथवर अवघड भागही तयार होतात. परंतु स्टेअरिंगच्या भुजा घडीव पोलादाच्या असतात. साध्या ओतीव लोखंडाचा तुकडा धक्क्याने वाकत नाही, तडकतो; म्हणून त्याचा पर्याय येथे चालत नाही. तसेच वाकलेली भुजा भट्टीत लाल करून सरळ करणे किंवा तुटलेला ड्रॅग लिंक वेल्ड करणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तापविल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि जोड बाहेरून निर्दोष दिसत असताना आतून दुबळा राहतो. असा भाग टाकूनच द्यावा.

काम पुरे झाल्यावर हबच्या उंचीवर दोन्ही टायरांमधील अंतर पुढून व मागून मोजतात. पुढील अंतर उत्पादकाने सांगितले असेल तितके मिलिमीटर कमी ठेवावे. यू-बोल्ट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळावेत, कारण नवे बसविलेले पाटे भाराखाली किंचित बसतात.