विद्येचे ऋण आणि विद्यापीठांचे दायित्व

विकसनशील राष्ट्रांना विद्या देणे हे विद्यापीठांचे कर्तव्य होय, असे म्हटले की एकीकडे दाता आणि दुसरीकडे याचक असे चित्र सहज उभे राहते. बौद्ध विद्येच्या इतिहासात मात्र या चित्राला आधार सापडत नाही. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे विहार उभारला व त्याच्या विनंतीवरून पालनृपती देवपालाने पाच गावे दान दिली. १९२१ साली उत्खननात मिळालेल्या ताम्रपटात भिक्षूंच्या निर्वाहाबरोबर धम्मग्रंथांच्या लेखनाचाही उल्लेख आहे. शिकणाऱ्या देशानेच शिकविणाऱ्या संस्थेचा भार उचलला होता.

महाराष्ट्रातील पालि अध्ययनाची कथाही अशीच आहे. गोमंतकातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी पालिचे अध्ययन केले. श्रीलंका तेव्हा स्वतःच परतंत्र होती आणि परिवेण म्हणजे अखेर विहाराशी जोडलेली पाठशाळा. तरीही तेथील विद्येच्या बळावर कोसंबी पुढे हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनास गेले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचे अध्यापक झाले. कोसंबींनी महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी म्हणून सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे वेतन दिले होते. १९१३ साली परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले तेही याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, हा योग लक्षणीय आहे.

परदेशी विद्यापीठातून आणलेल्या विद्येचे काय करावयाचे, याचे उत्तर बाबासाहेबांनी कृतीने दिले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय त्यांनी उभारले. ज्यांच्या घरात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्यांच्या दारापर्यंत विद्या नेण्याचा हा उपक्रम होता. पालिचे व्याकरण व कोश रचण्याचे श्रमही त्यांनी घेतले.

आज म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम येथील भिक्षू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालि व बौद्ध विद्या शिकावयास येतात. सुमंगल महास्थविरांचे ऋण अशा रीतीने काही अंशी फेडले जात आहे, याचा आनंद वाटतो. परंतु गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्याच्या विद्यार्थ्याचे काय? त्याच्या विद्यापीठाचा पालि-प्राकृत विभाग नागपुरात, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. २०१३ साली संघ लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांतून पालि वगळली गेली, तेव्हा अशा विद्यार्थ्याच्या घरच्यांना ‘हे शिकून पुढे काय?’ असे विचारण्यास आणखी एक कारण मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; त्याने मान वाढला, वर्ग मात्र आपोआप भरत नाहीत.

विहारात वंदना म्हणणाऱ्या आमच्या मुलांना पालिचा नाद परिचित असतो, अर्थ क्वचितच. परदेशी भिक्षूंपैकी अनेकांना सुत्ते मुखोद्गत असतात. इंग्रजीत प्रबंध लिहिताना मात्र ते अडखळतात. विद्यापीठांनी या भिक्षूंना एखाद्या सत्रापुरते जिल्ह्याच्या महाविद्यालयांत पाठवावे व निवासाची सोय स्थानिक विहाराने करावी. सकाळी त्यांनी सुत्तपठण शिकवावे आणि सायंकाळी गोंदिया-कुडव्याच्या मुलांकडून मराठी शिकावी.