उद्या परी व्हायचंय, हातात एक रात्र : घरच्या सामानातून पोशाख असा तयार करा

अक्कलकोट : संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्या वेशभूषा स्पर्धा. मुलांना तयार करून पाठवावे." आई मेसेज वाचेपर्यंत पोरीनं दप्तर टाकून सांगितलेलं असतं, "मला परी व्हायचंय."

डिसेंबर ते फेब्रुवारी हा स्नेहसंमेलनांचा हंगाम. ३ जानेवारीला सावित्रीबाई आणि १२ जानेवारीला जिजाऊ व्हायचं असेल तर फार अडत नाही. साडी, कुंकू, बांगड्या घरातच असतात. परीचं तसं नाही. पंख कुणाच्याच पेटीत नसतात.

भाड्याचा पोशाख आणायचा तर सोलापूर गाठायचं. अक्कलकोटहून ते सुमारे ४० किलोमीटर आणि वागदरी, दुधनी, नागणसूरकडच्या गावांना आणखी लांब. भाडं, डिपॉझिट, गाडीखर्च आणि बुडालेली रोजंदारी, एवढं सगळं दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. मग काही घरांत सोपा मार्ग निघतो. पोरीला त्या दिवशी शाळेतच पाठवत नाहीत.

तसं करायची गरज नाही. चार तास आणि कामाचा नीट क्रम, एवढ्यात परी उभी राहते.

आधी घर शोधा, मग दुकान

स्टेजवरची परी मागच्या रांगेतून तीनच गोष्टींनी ओळखू येते : पंख, फुगीर घागरा आणि हातातली चांदणीची काठी. बाकी टिकल्या, लेस, मणी लांबून दिसत नाहीत. वेळ कमी असेल तेव्हा त्यात रात्र घालवू नये.

घरात या वस्तू बघा : पांढरा किंवा फिक्या रंगाचा टी-शर्ट, सुती परकर, जुनी नायलॉनची ओढणी, प्लॅस्टिकचा हेअरबँड, किराणा दुकानातला पुठ्ठा, भेटवस्तूचा चंदेरी कागद. जुनी फाटकी मच्छरदाणी असेल तर धुऊन घागऱ्याला उत्तम. मात्र औषध लावलेली मच्छरदाणी वापरू नये, ती अंगाला लागणं बरं नाही.

दुकानातून आणायचं ते एवढंच : जाळीचं (नेटचं) कापड, इलॅस्टिक आणि बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती मऊ तार.

पहिलं काम पंखांचं

पंखांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. सहा-सात वर्षांच्या मुलीला वरचे दोन पंख १४ इंच लांब आणि खालचे दोन १० इंच पुरतात. सुमारे ७ मीटर तार घेऊन दुहेरी करावी, पीळ द्यावा. तिचेच चार फासे करून मधोमध घट्ट गुंडाळावेत. तारेची टोकं आत वळवून वर चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्यावेत. उघडं टोक पाठीत किंवा शेजारच्या पोराच्या डोळ्यात जाऊ शकतं.

मग तारेचा सांगाडा ओढणीवर ठेवून एक इंच जास्त सोडून कापावं, कडा तारेवरून दुमडून धावदोरा घालावा. हे काम आजीच्या हाती द्यावं, लवकर होतं. डिंकाच्या नादी लागू नये. फेव्हिकॉल वाळायला तास-तास जातात. ग्लू गन झटपट चिकटवते, पण तिला लाईट लागते आणि लाईटचा भरवसा नसतो. सुई-दोरा बॅटरीच्या उजेडातही चालतो.

पंख अंगावर बसवायला दप्तरासारखे इलॅस्टिकचे दोन पट्टे लावावेत. तार मिळालीच नाही तर पुठ्ठ्याचे पंख कापून चंदेरी कागद चिकटवावा.

घागरा, मशीनशिवाय

जाळीच्या कापडाचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडून शिवायची गरज नसते. कमरेपेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक घेऊन टोकं शिवावीत. ते खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलं की दोन्ही हात मोकळे राहतात.

४४ इंच पन्ह्याचं ४ मीटर कापड घेतलं तर २५ इंच लांब आणि ६ इंच रुंद अशा चाळीसेक पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडून इलॅस्टिकला गाठ मारत जावं. सुमारे १२ इंच उंचीचा फुगीर घागरा तासाभरात तयार होतो. घरातली मोठी भावंडं पट्ट्या कापून देऊ शकतात.

काठी आणि मुकुट

काठीला कडब्यातलं सरळ वाळलेलं ताट घ्यावं. हलकं असतं आणि कुणाला लागलं तरी मोडतं. पाचट काढून, कड बोचू नये म्हणून वरून चंदेरी कागद गुंडाळावा. टोकाला पुठ्ठ्याची चांदणी. तशीच छोटी चांदणी हेअरबँडला बांधली की मुकुट झाला.

इथं चूक नको

नायलॉन आणि पॉलिस्टरची जाळी झटकन पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला स्टेजवर समई असतेच. परीला समईपासून, फटाक्यांपासून आणि चुलीपासून लांब ठेवावं. जाळीच्या आत सुती परकर आणि सुती लेगिंग असावीच. त्यानं खाजही सुटत नाही.

दुर्दैवानं कपड्यानं पेट घेतला तर मुलीला पळू देऊ नये. जमिनीवर लोळवून किंवा जाड सुती चादर, घोंगडी गुंडाळून आग विझवावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं थंड पाणी सोडावं, चिकटलेलं कापड ओढू नये, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये आणि १०८ ला फोन करावा.

दिव्यांची माळ लावायची हौस असेल तर सेलवरचीच. बटणासारखे छोटे सेल असतील तर त्यांचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघावं, पोरं ते गिळतात. ऑइल पेंट, रांगोळी चेहऱ्याला नको. चमकी डोळ्यांजवळ नको.

आणि मोटारसायकलवर परी करून बसवू नये. ओढणी, जाळी चाकात अडकते. पंख आणि घागरा पिशवीत न्यावेत, शाळेत गेल्यावर घालावेत.

झोपायच्या आधी एक तालीम

रात्री एकदा सगळं घालून बघावं. मांडी घालून बसता येतं का? हात वर जातो का? लघवीला जाताना घागरा एकटीला काढता येतो का? जे टोचतं ते तेव्हाच कापावं. "मी परी आहे" पुढची दोन वाक्यं मराठीत असोत की कन्नडमध्ये, तीही दोनदा म्हणून घ्यावीत.

शाळांनीही थोडा हातभार लावला तर बरं होईल. स्पर्धेची सूचना आठवडाभर आधी आणि सोबत "घरच्या साहित्याचाच पोशाख असावा" एवढी एक ओळ. मग भाड्याच्या पोशाखाची बरोबरी करण्यात कुणाच्या मजुरीचा दिवस जाणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर तार सोडवून गुंडाळून ठेवावी, घागरा घडी करून पेटीत टाकावा. पुढच्या वर्षी धाकटीला फुलपाखरू व्हायचं असतंच.