कुपनावरची सूट आणि किलोचा भाव

दसरा-दिवाळी जवळ आली की भद्रावतीसारख्या गावाच्या बाजारातही कुपनांचा हंगाम सुरू होतो. हजाराच्या खरेदीवर सोडतीचे कुपन, दोन पाकिटांवर तिसरे मोफत, मोबाइल क्रमांक दिला की खात्यात गुण, पुढच्या खरेदीवर शंभर रुपये कमी. हे सगळे फसवे असते असे मुळीच नाही. पुष्कळ दुकानदार सूट खरोखर देतात आणि काटकसरीने चालणाऱ्या घराला तिचा उपयोग होतो. पण सवलत मोजण्याची आपली पद्धत चुकते. बिलाच्या तळाशी ‘आपण इतके वाचवले’ असा आकडा छापलेला असतो, तो छापील कमाल किमतीशी तुलना करून काढलेला असतो. शेजारच्या दुकानात तोच माल किती रुपयांना मिळतो, याची त्या आकड्याला गरज नसते. घरची बचत ठरते ती दोनच गोष्टींवरून: लागणारी वस्तू किलोमागे किती रुपयांना पडली आणि न लागणारी किती आली.

गुणांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, एका घराचा किराणा महिन्याला 6,000 रुपयांचा आहे. शंभर रुपयांना एक गुण आणि चार गुणांचा एक रुपया अशी योजना असेल, तर वर्षाच्या 72,000 रुपयांवर 720 गुण, म्हणजे 180 रुपये हाती येतात. गुण वाढावेत म्हणून आठवड्याला फक्त 40 रुपयांची एखादी अनावश्यक वस्तू पिशवीत पडली, तर वर्षाचे 2,080 रुपये गेले. आपण इतके भोळे नाही, असे अनेकांना वाटेल. म्हणून 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. गाडी धुण्याच्या एका केंद्रावर काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे कार्ड दिले. इतरांना दहा शिक्क्यांचे दिले, मात्र त्यावर दोन शिक्के आधीच मारून ठेवले होते. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. पहिल्यांपैकी 19 टक्क्यांनी कार्ड पूर्ण केले, दुसऱ्यांपैकी 34 टक्क्यांनी. सुरुवात झालेली आहे एवढ्या जाणिवेनेच माणसे पुन्हा पुन्हा आली. ‘नोंदणीसोबत पन्नास गुण मोफत’ या पाटीमागचे कारण हेच आहे, आणि ते शिकल्या-सवरल्या माणसालाही लागू पडते.

कुपनापेक्षा जास्त कामाची माहिती पाकिटावरच छापलेली असते. वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि कमाल किमतीसोबत एकक विक्री किंमत छापणे बंधनकारक झाले. किलोहून जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमागचा, त्याहून कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅममागचा भाव असतो. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणले की दोन पाकिटे समोरासमोर येतात. मोठे पाकीट स्वस्तच असते, हा समजही मग तपासता येतो. शाम्पूची छोटी पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. दोनवर एक मोफत म्हणजे तेहतीस टक्के सूट खरी, पण तिसरे पाकीट मुदतीत संपले तरच. आणि आपल्या भागातली सर्वांत मोठी सूट तर कुठल्याच कुपनावर नसते. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीचा नवा तांदूळ आणि शेतातून नुकतीच आलेली तूर हंगामात घेऊन, उन्हे दाखवून वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची जी रीत जुन्या घरांत होती, तिच्यामागे किलोच्या भावाचाच हिशेब होता.

यावर कोणी म्हणेल, माल घ्यायचाच आहे, मग फुकटचे गुण का सोडायचे? सोडू नयेतच. यादी घरून करून नेली असेल, दर पाहिला असेल, तर मिळणारी सूट अवश्य घ्यावी. मात्र त्यासाठी वेगळा खर्च होऊ नये. एका ऑफरपायी 25-30 किलोमीटरवरच्या चंद्रपूरला जायचे, तर 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले असले तरी ते, आणि गेलेला दिवस, त्या सवलतीतून वजा करावा लागतो. मोबाइल क्रमांक हीही किंमतच आहे. बिलासाठी क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये दुकानदारांना बजावले आहे. गुण नको असतील तर क्रमांक न देता बिल मागावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या गावात आयुध निर्माणी आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणींमुळे महिन्याच्या पगारावर चालणारी घरे आहेत. कापूस-सोयाबीन विकल्यावरच हाती पैसा येणारी शेतकऱ्यांची घरे आहेत आणि रोजच्या मजुरीतून रोजचे तेल-मीठ आणणारीही आहेत. एकरकमी खरेदीवरची सूट पहिल्यांनाच परवडते. मजुराला पाव किलो डाळ आणि वहीवरची उधारी लागते. त्याला ‘वर्षाचे धान्य भरा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. वाण्याची उधारी हा त्याच्यासाठी कुठल्याही गुणांपेक्षा मोठा आधार आहे, हे मान्यच करायला हवे. पण एकट्याला न परवडणारी खरेदी अनेकांना मिळून परवडते, आणि हे महाराष्ट्रात करून झालेले आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले. त्यांच्या मागण्या एकत्र करून घाऊक भावात माल आणला आणि वाटपाचे काम सभासदांनीच केले. हजारो कुटुंबे या व्यवस्थेत आली. त्याही आधी, 1844 मध्ये, इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या 28 जणांनी स्वतःचे छोटे दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या एवढाच माल. नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आजची गुणांची योजना दिसायला त्याच्यासारखीच आहे, पण तिथे किती परत द्यायचे हे घेणारेच ठरवत होते. सारा फरक तिथे आहे.

अशाने गावातला किराणा दुकानदार बुडेल, अशी भीती वाटण्याचे कारण नाही. एखाद्या बचत गटाच्या दहा-बारा घरांनी तेल, साखर, डाळ, साबण यांची एकच यादी करून त्याच दुकानदाराकडे नेली आणि ‘पोत्याचा भाव काय लावता?’ असे विचारले, तर त्याचाही माल एकदम उठतो आणि वसुलीची चिंता कमी होते. रोजंदारीच्या घराने आठवड्याला थोडे थोडे गटात जमा करावे, महिन्याला आपला वाटा उचलावा. गटात हिशेब चोख ठेवणारी एक व्यक्ती मात्र हवी. नाहीतर चांगली कल्पना दोन महिन्यांत भांडणावर येते.

सोडतीच्या कुपनांबद्दल मी कठोर आहे. विक्री वाढवण्यासाठी नशिबाची सोडत काढणे हे, विहित अपवाद वगळता, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरले आहे. योजनेचा अंतिम निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवणेही त्यातच मोडते. बक्षीस एका घरात जाते, त्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात बसतो. कुपन घेतलेच असेल, तर सोडत कधी होणार आणि निकाल कुठे लागणार हे विचारा, बिल जपून ठेवा. जाहीर केलेली सूट नाकारली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यावर हिंदी-इंग्रजीसोबत मराठीतही तक्रार सांगता येते.