उद्योगांचे परवाने आणि गावाचे पाणी

पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे, तर डिचोलीच्या भूमीतून वाहणारी वाळवंटी पुढे मांडवीला मिळते. पठारांवर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने प्रकट होतो. भातशेती, कुळागरे व विहिरी यांचे जीवन त्यावरच अवलंबून असते. म्हणूनच येथे उभा राहणारा उद्योग हा केवळ त्याच्या मालकाचा विषय राहत नाही. उद्योगांना पर्यावरणविषयक परवाने बंधनकारक करण्यामागे हीच भूमिका आहे.

जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ साली व वायुप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ साली संमत झाला. या कायद्यांन्वये उद्योजकास गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन टप्प्यांत घ्यावी लागते : पहिली उभारणीपूर्वी आणि दुसरी प्रत्यक्ष उत्पादन सुरू करण्यापूर्वी. प्रदूषणाच्या संभवानुसार उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा वर्गांत विभागणी करण्यात आली आहे. तुये येथील कारखाना असो वा मोरजी-हरमल येथील हॉटेल, सांडपाण्याची व्यवस्था प्रत्येकास करावीच लागते. किनाऱ्यालगतच्या बांधकामास सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम याशिवाय लागू होतात.

खाणी, विमानतळ यांसारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार स्वतंत्र पर्यावरण मंजुरी आवश्यक असते. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, त्यांच्या सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. ग्रामस्थांनी आपल्या विहिरी, झरे, शेतांचे बांध यांविषयीची माहिती तेथे नोंदविणे अगत्याचे आहे, कारण ही स्थानिक माहिती कित्येकदा नकाशावर आढळत नाही.

अर्जातील माहिती खरी व पूर्ण असणे किती महत्त्वाचे आहे, हे मोपा विमानतळाच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. या प्रकल्पास २०१५ साली पर्यावरण मंजुरी मिळाली होती. तथापि, परिसरातील वने व संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात दिलेली नव्हती, असे आढळल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली. फेरविचारानंतर जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, ती अधिक अटींसह. आणि त्या अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले.

डिचोलीचा अनुभवही बोधप्रद आहे. खाणीच्या टाकाऊ मातीचे ढीग पावसात वाहू लागले की शेते गाळाने भरतात आणि नदीचे पात्र उथळ होते. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि पुढील खाणकामासाठी नवे पट्टे व नवी पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. त्यानंतर लिलाव होऊन २०२४ साली डिचोली गटात पुन्हा काम सुरू झाले.

परवाना मिळाल्याने उद्योजकाची जबाबदारी संपत नाही. खऱ्या अर्थाने ती तेथूनच सुरू होते. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा अहवाल सादर करावयाचा असतो आणि तो जनतेस पाहता येतो. १९७४ च्या कायद्यानुसार मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवली जाते; सांडपाण्यामुळे बाधित होणाऱ्या व्यक्तीस ती पाहण्याचा हक्क आहे. मंजुरीविरुद्ध दाद मागावयाची असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे सामान्यतः ३० दिवसांच्या आत जावे लागते. म्हणून विलंब करणे हिताचे नाही.

शिक्षकांनी या तरतुदी विद्यार्थ्यांना समजावून द्याव्यात, पंचायतींनी अटींच्या प्रती संग्रही ठेवाव्यात आणि अधिकाऱ्यांनी त्या ग्रामस्थांना सुलभ मराठीत समजावून सांगाव्यात. कागदावरील अट गावाला ठाऊक असली, तरच पावसाळ्यात झऱ्याचे पाणी गढूळ का झाले हा प्रश्न योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी विचारता येईल.