न्यूट्रॉनला कळणारा फरक

‘अणूचं रसायन बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवतात, मग गाभ्यात न्यूट्रॉन किती आहेत याने काय फरक पडतो?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सचं निम्मं काम या फरकापायीच आहे, असं मी म्हणेन.

१९७१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या नळ्यांत भरल्या जातात. नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, कारण हा धातू न्यूट्रॉन सहसा गिळत नाही. पण समुद्रकिनाऱ्याच्या झिरकॉन वाळूत त्याच्याबरोबर सुमारे २ टक्के हाफ्नियमही येतं, आणि त्याची न्यूट्रॉनची भूक झिर्कोनियमच्या ५०० पटींहून अधिक!

झिर्कोनियमचे प्रोटॉन ४०, हाफ्नियमचे ७२. तरीही बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखेच मांडलेले, अणूचा आकारही जवळजवळ तेवढाच. रसायनाच्या दृष्टीने ही जुळी भावंडंच. क्लाप्रोटने १७८९ मध्ये झिर्कोनियम ओळखलं. हाफ्नियम त्याच्या आड १९२३ पर्यंत दडून राहिलं.

शोधाचं श्रेय कोस्टर आणि हेवेशी यांना मिळतं, भाकिताचं बोरला. ते रास्तच आहे. पण हेन्री मोझलीचं नाव इथे मागे पडतं, याची मला फार खंत वाटते. एक्स-रे वर्णपटावरून गाभ्यातला विद्युतभार मोजता येतो, हे त्याने दाखवलं. त्यामुळेच ७२वी जागा रिकामी आहे हे ठामपणे सांगता आलं. १९१४ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ उर्बें आपलं ‘७२वं मूलद्रव्य’ घेऊन त्याच्याकडे ऑक्सफर्डला आला. मोझलीला त्यात ७२ची रेषा दिसली नाही. पुढच्याच वर्षी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, अवघ्या २७व्या वर्षी. कोपनहेगनमध्ये नॉर्वेच्या झिरकॉनमधून हाफ्नियम हुडकलं गेलं ते त्याच्याच पद्धतीने.

हैदराबादेत ही जोडी फोडतात ती नायट्रिक आम्लातल्या द्रावणातून. ट्रायब्युटाइल फॉस्फेट झिर्कोनियमला किंचित जास्त ओढून घेतं. तो किंचितपणा टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, हाफ्नियम दहा हजारांत एका भागाच्याही खाली येईपर्यंत.

आता न्यूट्रॉनचं. गाभ्यालाही स्वतःच्या कक्षा असतात. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९४९ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. ५० न्यूट्रॉन झाले की एक कक्षा भरते. निसर्गातल्या निम्म्याहून अधिक झिर्कोनियम अणूंत नेमके ५०च न्यूट्रॉन असतात, त्यामुळे ५१वा तिथे सहजी सामावत नाही. हाफ्नियम-१७७ मध्ये ते १०५, म्हणजे विषम. आणखी एक आला की जोडी जमते, म्हणून तो झटकन ओढला जातो.