होडी कामाची, घर गावठाणात

इंग्लंडच्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या नॅरोबोटीत संसार थाटून त्याचे व्हिडिओ टाकणारे तरुण दिसतात. नवी मुंबईत त्यांच्यासारखं कुणी शोधायचं तर दिवाळे, सारसोळेच्या कोळीवाड्यांत जावं लागेल. मात्र कालव्याचं पाणी जवळपास स्थिर. ठाणे खाडीचं दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, म्हणून इथे होडी कामाची आणि घर गावठाणात. इथल्या कोळी तरुणांनी मोबाइलवर मासेमारी दाखवणं ही निव्वळ हौस, असा आक्षेप घेतला जातो. हौस आहेच, बिघडलं कुठे? १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली, २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, तरी शहराचा कॅमेरा वळतो तो फ्लेमिंगोंकडेच. त्याच पाण्यात जाळी टाकणारी माणसं कोळी तरुणांच्या व्हिडिओंत भेटतात, आणि मासळीसोबत वर येणारं शहराचं प्लास्टिकही.