पॅरासाइट : पाऊस एकच, पण पडतो कुणावर?

आज आपण 'पॅरासाइट' या कोरियन सिनेमाबद्दल बोलूया. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी तो बघावा आणि मग इकडे यावं, कारण मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

पुरस्कारांचं आधी उरकून टाकते. दिग्दर्शक बोंग जून-हो. मे २०१९ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये चार ऑस्कर. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही होता, जो इंग्रजी नसलेल्या सिनेमाला तोवर कधीच मिळाला नव्हता.

गोष्ट थोडक्यात अशी. किम कुटुंबात आईबाप आणि दोन मोठी मुलं. चौघेही बेकार, पिझ्झाची खोकी घड्या घालून पोट भरणारे. मुलगा खोटं प्रमाणपत्र दाखवून श्रीमंत पार्क कुटुंबात शिकवणीला लागतो. मग बहीण चित्रकलेची बाई म्हणून येते, बाप ड्रायव्हर होतो, आई घरकामाला लागते. चौघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. पार्कबाई विश्वास ठेवतात तो शिफारशीवर, या ओळखीतून ती ओळख. इथे मला हसू आलं. आपल्याकडे ही फसवणूक पहिल्याच मिनिटाला अडकली असती, कारण पहिला प्रश्न आला असता, "आडनाव काय?" नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आठवा. जब्यानं कितीही नवा शर्ट घातला तरी गावाला त्याचं घर ठाऊक असतं. किमांना निदान वेषांतराची सोय आहे.

पण एक गोष्ट त्यांना लपवता येत नाही, ती म्हणजे वास. पार्कांचा धाकटा मुलगा सहज बोलून जातो की या सगळ्यांना एकसारखाच वास येतो. किम घरी जाऊन साबण बदलायचा विचार करतात. मुलगी सांगते, हा साबणाचा वास नाही, आपल्या खोलीचा आहे.

ती खोली समजून घेतली की सिनेमा अर्धा समजला. कोरियात अशा घराला 'बानजिहा' म्हणतात. अर्धं घर जमिनीखाली, आणि खिडकी रस्त्याच्या पातळीला. १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे सैनिक थेट सोलमध्ये घुसले होते. त्या धास्तीतून १९७० मध्ये कायदा बदलला आणि इमारतींखाली तळघरं बांधली जाऊ लागली, युद्ध झालंच तर लपायला. पुढे शहरात घरं अपुरी पडली, तशी तीच तळघरं भाड्यानं गेली. किमांच्या घरात संडास उंच ओट्यावर आहे, बघितलंत? तो गमतीसाठी नाही. घरच गटाराच्या पातळीखाली असल्यानं तो वर बांधावा लागतो, नाहीतर घाण उलटी येते. म्हणजे त्या घरातली सगळ्यात उंच जागा संडासाची.

आता पावसाच्या रात्रीकडे येते. माझ्या मते सिनेमाचा कणा तिथे आहे. मालक सहलीला गेलेले, किम त्यांच्या दिवाणखान्यात दारू पीत बसलेले. तेवढ्यात जुनी मोलकरीण येते आणि कळतं की या बंगल्याखालच्या तळघरात तिचा नवरा चार वर्षांहून जास्त काळ लपून राहतोय, कर्जवाल्यांच्या भीतीनं. त्याचं केकचं दुकान बुडालेलं. किमांच्या बापानंही तसलाच धंदा करून पाहिलेला. दोघांची कथा एकच, पण ते एकमेकांच्या जिवावर उठतात. मालक अचानक परततात. बाप आणि मुलं कशीबशी निसटतात आणि पावसात पळत सुटतात, खाली, आणखी खाली. उतार, बोगदा, पायऱ्या, पुन्हा पायऱ्या. त्यांच्या बरोबरीनं पाणीही खाली धावत असतं. ते घरी पोचतात तेव्हा पाणी त्यांच्या आधी पोचलेलं असतं. (ही अख्खी गल्ली पाण्याच्या मोठ्या टाकीत सेट म्हणून उभारली होती.) संडासातून काळं पाणी उसळतंय, आणि मुलगी झाकणावर बसून सिगारेट ओढतेय. दुसरं काय करणार?

मी नंजनगूडमध्ये राहते, म्हैसूरजवळ, श्रीकंठेश्वराच्या गावात. इथे कपिला नदीला पूर येतो तेव्हा गावात पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. पाऊस पडतो वर वायनाडच्या डोंगरात, कबिनी धरण भरतं, दारं उघडतात, आणि पाणी आमच्या घाटावर येतं. आधी सोळा खांबांचा मंटप बुडतो, मग नदीकाठच्या वस्त्या. त्यातल्या एकीचं नाव हळ्ळद केरी. कन्नडमध्ये हळ्ळ म्हणजे ओढा, खोलगट जागा, आणि केरी म्हणजे आळी. पाणी कुठे येणार ते नावातच लिहिलेलं! २०१९ च्या ऑगस्टमध्ये म्हैसूरचा रस्ताही पाण्याखाली गेला. पूर आला की लोकांना हलवतात ते 'गंजी केंद्रा'त, म्हणजे शाळा किंवा लग्नाचं सभागृह. सिनेमात किम रात्र काढतात त्या व्यायामशाळेच्या जमिनीवर, शेकडो लोकांबरोबर. मला ते दृश्य परकं वाटलंच नाही.

त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीही बुडाली होती, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते भोगलंय. तुम्ही म्हणाल, तिथे तर बंगलेही बुडाले. खरंच आहे. पंचगंगा काही पगार विचारून आत शिरत नाही, आणि बोंग यांचा डोंगर-दरीचा हिशेब तिथे तंतोतंत लागू पडत नाही. फरक दिसतो पाणी ओसरल्यावर. कुणाच्या घरावर माडी होती, कुणाचा विमा होता, आणि कुणाचे कागदच वाहून गेले?

सिनेमातही तसंच. दुसऱ्या दिवशी पार्कबाई गाडीत मागे बसून फोनवर मैत्रिणीला आनंदानं सांगतात की पावसानं हवा किती स्वच्छ झाली, बागेत मुलाचा वाढदिवस करूया. पुढे गाडी चालवतोय तो रात्री घर बुडालेला माणूस, व्यायामशाळेतल्या ढिगातून मिळालेले कपडे घालून. बाई नाकाला हात लावून काच खाली करतात. त्या दुष्ट नाहीत बरं का, त्यांना फक्त ठाऊक नाही. मला तेच जास्त भयंकर वाटतं. म्हणूनच त्या समारंभात, एवढा रक्तपात चाललेला असताना, साहेब तळघरातल्या माणसाच्या वासानं नाक दाबतात आणि त्या क्षणी ड्रायव्हरचा सुरा त्यांच्यावर चालतो. तो वास दुसऱ्याचा होता, पण त्याला तो आपलाच वाटला.

हे सगळं सिनेमातलं, असं म्हणून सोडता येत नाही. ८ ऑगस्ट २०२२ च्या रात्री सोलमध्ये शंभर वर्षांत झाला नव्हता असा पाऊस झाला. एका बानजिहात दोन बहिणी आणि त्यातल्या एकीची तेरा वर्षांची मुलगी बुडून मेल्या. पाण्याच्या दाबानं दार उघडेना, खिडकीला गज. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष यून सक-यल तिथे गेले. रस्त्यावर उकिडवे बसून ते त्या खिडकीतून खाली पाहतायत, असं छायाचित्र सरकारनंच प्रसिद्धीसाठी वापरलं, आणि त्यावरून टीका झाली. अशी घरं हळूहळू बंद करू, असं शहर प्रशासनानं जाहीर केलं. तिथे राहणारे विचारत होते की मग एवढ्या भाड्यात जायचं कुठे?

सिनेमाच्या शेवटी बाप त्याच बंगल्याच्या तळघरात लपलेला आहे. मुलगा मनातल्या मनात पत्र लिहितो की मी खूप पैसे कमावीन, ते घर विकत घेईन, तुम्ही फक्त पायऱ्या चढून वर या. पडद्यावर ते घडतानाही दिसतं, ऊन, हिरवळ, मिठी. मग बर्फ पडतंय आणि कॅमेरा खिडकीवरून सावकाश खाली उतरतो. सिनेमाच्या पहिल्या चौकटीतही तो अगदी असाच उतरला होता. मुलगा त्याच खोलीत बसलाय, आणि पत्र पोचवायचं कसं ते त्याला माहीत नाही.